बर्फातला नॉयश्वानस्टाइन : मित्राची वाट पाहणारा किल्ला

भिंतीवरच्या दिनदर्शिका, चॉकलेटचे डबे, लहान मुलांची चित्रकोडी यांवर एक किल्ला हमखास आढळतो. पांढऱ्याशुभ्र भिंती, निळसर छपरे, आभाळात शिरलेले सडपातळ मनोरे आणि पाठीमागे बर्फाने माखलेले डोंगर. नाव ठाऊक नसले तरी हे चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. कॅलिफोर्नियात १९५५ साली उघडलेल्या डिस्नेलँडमधील निद्रिस्त राजकन्येच्या किल्ल्यामागची प्रेरणाही हीच. दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत, श्वांगाउ या गावाच्या हद्दीत उभ्या असलेल्या या वास्तूचे नाव नॉयश्वानस्टाइन.

उन्हाळ्यात येथे दिवसाला सहा हजारांपर्यंत माणसे येतात. त्या गर्दीत किल्ला दिसतो. पण तो ज्या मनःस्थितीतून जन्माला आला तिचा मागमूस लागत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत चित्र पालटते. पायथ्याचे आल्पझे सरोवर धुक्यात हरवते, देवदार-पाइनच्या फांद्या बर्फाच्या भाराने वाकतात आणि चढणीच्या वाटेवर पावलांचा करकर आवाज तेवढा ऐकू येतो. ही वास्तू मुळात निर्जनतेसाठी बांधली गेली होती, हे त्या वेळी कोणी सांगावे लागत नाही. सोबतीला एखादा जिवाभावाचा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर या किल्ल्याची खरी कथा अधिक जवळची वाटते. कारण ती कथा एका मैत्रीचीच आहे.

गड नव्हे, राजवाडाही नव्हे

जर्मन भाषेत किल्ल्यासाठी दोन शब्द आहेत. शत्रूपासून बचाव करण्यासाठी बांधलेला तो ‘बुर्ग’ आणि राहण्यासाठी, वैभव मिरवण्यासाठी बांधलेला तो ‘श्लॉस’. मराठीत गड आणि राजवाडा यांत जो भेद आहे, साधारण तोच. नॉयश्वानस्टाइन दिसायला बुर्ग आहे. वापराने मात्र श्लॉस. त्याला वेशीचे भक्कम दार आहे, बुरूज आहेत, उंच कडाही आहे. नाही तो शत्रू. या किल्ल्यावर कधी तोफ डागली गेली नाही आणि येथून कोणावर डागली जावी अशी योजनाही नव्हती.

त्याचे कारण काळात दडलेले आहे. किल्ल्याची पायाभरणी ५ सप्टेंबर १८६९ रोजी झाली. तोवर सुधारलेल्या तोफखान्यापुढे डोंगरी किल्ल्यांचे दिवस संपले होते. मराठी माणसाला हे निराळे समजावण्याची गरज नाही; १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरील वाड्यांची काय दशा केली, ते त्याला ठाऊक आहे. गड निरुपयोगी ठरल्यानंतर पन्नास वर्षांनी एका तरुण राजाने नवा गड बांधायला घेतला. शत्रूचा वेढा थोपवण्याचा त्यात हेतू नव्हता. त्याला दूर ठेवायचे होते ते स्वतःचे शतक.

या दोन जगांची गाठ २०२५ सालच्या जुलै महिन्यात अनपेक्षितपणे पडली. पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात ११ जुलै रोजी रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, सिंधुदुर्ग आदी महाराष्ट्रातील ११ व तामिळनाडूतील जिंजी अशा १२ किल्ल्यांचा ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने वारसा यादीत समावेश झाला. दुसऱ्याच दिवशी, १२ जुलै रोजी, राजा दुसरा लुडविग याचे नॉयश्वानस्टाइन, लिंडरहोफ, शाखेन आणि हेरेनकिमझे हे चार प्रासाद त्याच यादीत दाखल झाले. एकीकडे राज्य उभे करण्यासाठी बांधलेले आणि लढवलेले गड, तर दुसरीकडे राज्य हातून निसटत असताना बांधलेले स्वप्न. वारसा म्हणून दोहोंचे मोल मान्य झाले. त्यांच्या दगडांमागची गरज मात्र अगदी उलट होती.

राजा आणि त्याचा पाहुणा

लुडविगचा जन्म २५ ऑगस्ट १८४५ रोजी म्युनिकजवळच्या निम्फेनबुर्ग प्रासादात झाला. त्याचे बालपण बरेचसे होहेनश्वांगाउ येथे गेले. हा त्याचे वडील राजे दुसरे मॅक्सिमिलियन यांनी जुन्या अवशेषांवरून नव्याने उभारलेला पिवळसर रंगाचा किल्ला नॉयश्वानस्टाइनच्या समोरच, खालच्या टेकडीवर आहे. त्याच्या भिंतींवर मध्ययुगीन दंतकथांची चित्रे आहेत. त्यांतला हंसवीर लोहेनग्रिन हा राजपुत्राच्या मनात घर करून बसला. श्वांगाउच्या जुन्या सरदार घराण्याचे चिन्हही हंसच होते. पुढे किल्ल्याच्या नावातही तो आला.

१८६१ साली पंधरा वर्षांच्या लुडविगने रिचर्ड वाग्नर या संगीतकाराची ‘लोहेनग्रिन’ ही संगीतिका पाहिली आणि तो भारावून गेला. मार्च १८६४ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अवघ्या अठराव्या वर्षी तो गादीवर बसला. त्यानंतर त्याने लवकरच कर्जात बुडालेल्या वाग्नरचा शोध घेऊन त्याला म्युनिकला बोलावले आणि त्याची देणी फेडली. राजा आणि कलावंत यांचे हे सख्य दरबाराला व मंत्र्यांना रुचले नाही. वाग्नरचा खर्चिकपणा आणि राजकारणातील लुडबुड यांवरून गदारोळ उठला आणि १८६५ सालच्या डिसेंबरात राजाला आपल्या मित्राला म्युनिक सोडण्यास सांगावे लागले.

पुढच्याच वर्षी दुसरा आघात झाला. ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाविरुद्ध लढलेल्या बव्हेरियाचा १८६६ मध्ये पराभव झाला आणि १८७१ मध्ये हे राज्य नव्या जर्मन साम्राज्याचा एक घटक बनले. लुडविग राजा राहिला, परंतु युद्ध आणि परराष्ट्र व्यवहार यांबाबतचा अंतिम शब्द त्याचा उरला नाही. सार्वभौमत्व गमावलेल्या राजाने मग जेथे आपलीच आज्ञा चालेल असे राज्य दगडात उभारायचे ठरवले.

मे १८६८ मध्ये वाग्नरला लिहिलेल्या पत्रात त्याने ही कल्पना मांडली आहे. प्योलाट नदीच्या घळीजवळील जुन्या पडक्या किल्ल्याच्या जागी जुन्या जर्मन शिलेदारांच्या गडांसारखी वास्तू बांधायची, तेथे पाहुण्यांसाठी खोल्या ठेवायच्या आणि आपल्या या मित्राला तेथे उतरवून घ्यायचे, असा त्याचा बेत होता. तीन वर्षांत राहायला जाता येईल, अशी त्याची अटकळ होती. प्रत्यक्षात मुख्य इमारतीतील निवासात तो १८८४ मध्ये राहायला गेला. वाग्नर त्याच्या आदल्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १८८३ रोजी व्हेनिस येथे निवर्तला होता. ज्याच्यासाठी हा किल्ला योजला, त्याने त्यात कधी पाऊल ठेवले नाही.

रंगभूमीवरचा गड, आतून आधुनिक

किल्ल्याची मूळ चित्रे काढली ती म्युनिकच्या दरबारी नाट्यगृहात पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांक याने. ती प्रत्यक्षात उतरवण्याचे काम एडुआर्ड रिडेल, नंतर गेओर्ग फॉन डोलमान आणि अखेरीस युलियस होफमान या वास्तुविशारदांनी केले. त्यामुळे या वास्तूचा प्रत्येक कोन एखाद्या नेपथ्यासारखा भासतो, याचे नवल वाटू नये. वेशीची इमारत १८७३ मध्ये पूर्ण झाली आणि पुढील कित्येक वर्षे राजाने तेथेच मुक्काम केला. त्याआधी तो समोरच्या होहेनश्वांगाउमधून दुर्बिणीने बांधकामाची प्रगती न्याहाळत असे.

बाहेरून मध्ययुगीन दिसणारी ही वास्तू बांधणीच्या दृष्टीने पूर्णपणे एकोणिसाव्या शतकातील आहे. भिंती विटांच्या असून त्यांवर चुनखडीच्या पांढऱ्या दगडाचे आवरण आहे. सामान चढवण्यासाठी वाफेवर चालणारी यारी वापरली गेली. १८७९ आणि १८८० या दोनच वर्षांत ४६५ टन संगमरवर, १,५५० टन वालुकाश्म आणि ४ लाख विटा या कड्यावर चढवण्यात आल्या. उबदार हवेने खोल्या तापवण्याची मध्यवर्ती व्यवस्था, प्रत्येक मजल्यावर वाहते पाणी, फ्लशची शौचालये, नोकरांना बोलावण्यासाठी विजेच्या घंटा, जेवण वर आणणारा पाळणा आणि टेलिफोनसुद्धा येथे होता. सोळाव्या किंवा सतराव्या शतकातला कोणताही राजा हेवा करील अशी ही सोय.

अंतर्भागातील दालनांत चार ठिकाणे विशेष पाहण्याजोगी आहेत. सिंहासनकक्ष हा बायझंटाइन चर्चच्या धर्तीवर बांधलेला असून त्यात सुमारे ९०० किलो वजनाचे, ९६ मेणबत्त्यांचे झुंबर टांगलेले आहे. मात्र पायऱ्या चढून वर पाहिले तर सिंहासनाची जागा रिकामी आहे. राजाच्या मृत्यूनंतर ते बनवलेच गेले नाही. शयनगृहातील लाकडी कोरीवकामावर १४ कारागीर चार वर्षांहून अधिक काळ राबले, असे सांगितले जाते. दिवाणखाना आणि अभ्यासिका यांच्यामध्ये एक कृत्रिम गुहा आहे. वाग्नरच्या ‘टॅनहॉयझर’ संगीतिकेतील गुहेची ती आठवण. आणि चौथ्या मजल्यावर आहे गायकांचे सभागृह, राजाचे सर्वांत लाडके दालन. त्याच्या हयातीत तेथे एकही मैफल झाली नाही. पहिली मैफल झाली १९३३ मध्ये, वाग्नरच्या पन्नासाव्या स्मृतिवर्षी.

दोनशेहून अधिक खोल्यांच्या आराखड्यातील पंधराच्या आसपास खोल्याच पूर्ण सजल्या. नियोजित ९० मीटर उंचीचा मुख्य बुरूज उभा राहिलाच नाही. दुसरा मजला तर विटांचा सांगाडाच राहिला.

किल्ल्याला पडलेला एकमेव वेढा

बांधकामाचा पैसा राजाच्या खासगी उत्पन्नातून आणि कर्जातून येत होता. एकट्या नॉयश्वानस्टाइनवर सुमारे ६२ लाख मार्क खर्च झाले. अंदाज ३२ लाखांचा होता. १८८५ पर्यंत कर्जाचा डोंगर १ कोटी ४० लाख मार्कांवर गेला. सावकार तगादा लावू लागले, तरी राजा बांधकाम थांबवायला तयार होईना. तेव्हा मंत्रिमंडळाने निराळा मार्ग शोधला. मनोविकारतज्ज्ञ बर्नहार्ड फॉन गुडेन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी राजा वेडा असल्याचा अहवाल दिला. त्यांनी राजाची प्रत्यक्ष तपासणी केलेली नव्हती. नोकरचाकरांच्या जबान्यांवरच तो निष्कर्ष आधारलेला होता.

जून १८८६ मध्ये राजाला पदच्युत करण्यासाठी शासकीय मंडळ रात्रीच्या अंधारात किल्ल्याच्या दारात येऊन उभे राहिले. राजाशी एकनिष्ठ असलेल्या स्थानिक पोलिसांनी त्यांनाच धरून वेशीच्या इमारतीत काही तास डांबून ठेवले. या किल्ल्याच्या इतिहासातील हाच काय तो वेढा आणि हाच काय तो विजय. तो फार टिकला नाही. १२ जूनच्या पहाटे दुसऱ्या मंडळाने राजाला त्याच्याच किल्ल्यात ताब्यात घेतले आणि स्टार्नबेर्ग सरोवराच्या काठी बेर्ग येथे नेले. १३ जूनच्या संध्याकाळी फिरायला गेलेले राजा आणि डॉक्टर गुडेन परतले नाहीत. दोघांचेही मृतदेह सरोवरात सापडले. लुडविग तेव्हा ४० वर्षांचा होता. त्या मृत्यूचे गूढ आजही चर्चेत आहे. नॉयश्वानस्टाइनमध्ये त्याचे वास्तव्य सारे मिळून १७२ दिवसांचे.

पुढे घडले ते राजाच्या इच्छेच्या अगदी विरुद्ध. परक्या नजरेपासून जपलेला हा किल्ला त्याच्या मृत्यूनंतर सातच आठवड्यांत, १ ऑगस्ट १८८६ रोजी, तिकीट लावून लोकांसाठी खुला झाला. नॉयश्वानस्टाइन हे नावही त्याला राजाच्या पश्चात मिळाले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी फ्रान्समधून लुटलेल्या कलाकृतींचे हे कोठार बनले. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने त्या ताब्यात घेतल्या. ज्या बांधकामापायी राजाला वेडा ठरवले गेले, ते आज बव्हेरियाच्या पर्यटनाचा कणा आहे.

हिवाळ्यात जाताना

लुडविगला हिवाळा आणि रात्र यांची विलक्षण ओढ होती. सोनेरी नक्षीच्या स्लेजमध्ये बसून तो मध्यरात्री बर्फातून दौडत असे. त्यांपैकी एका स्लेजवर त्या काळी नवलाचे असे विजेचे दिवे होते. या गाड्या म्युनिकच्या निम्फेनबुर्ग प्रासादातील पागेच्या संग्रहालयात पाहता येतात. किल्ल्याला भेट देण्यापूर्वी त्या पाहिल्यास बर्फातल्या वाटेचा अर्थ बदलतो.

म्युनिकहून फ्युसेन या गावापर्यंत रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. तेथून होहेनश्वांगाउला बस जाते. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येणारे ‘बायर्न तिकीट’ दोघांनाही किफायतशीर पडते. मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालते. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळत असल्याने हा हिशेब आधीच करावा. शक्य असल्यास फ्युसेनला एक रात्र मुक्काम करणे उत्तम.

किल्ल्याच्या आत केवळ ठरावीक वेळेच्या मार्गदर्शित फेरीतूनच प्रवेश मिळतो. फेरी सुमारे अर्ध्या तासाची असते आणि तिकिटावरील वेळ चुकली की ते तिकीट वाया जाते. तिकीट आगाऊ ऑनलाइन काढणे श्रेयस्कर. हिवाळ्यात किल्ला साधारणतः सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत खुला असतो. २४, २५ व ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी या दिवशी बंद असतो. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे आणि मोठ्या पाठपिशव्या नेता येत नाहीत. फेरीत चढ-उताराच्या मिळून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत.

गावातून किल्ल्यापर्यंतचा चढ पायी ३० ते ४० मिनिटांचा. बर्फ साचल्यावर वरपर्यंत जाणारी बस बंद ठेवली जाते, त्यामुळे पायी चालण्याची तयारी ठेवूनच निघावे. वितळून पुन्हा गोठलेले बर्फ काचेसारखे निसरडे होते. साध्या बुटांवर भरवसा ठेवू नये. खाचदार तळव्याचे जलरोधक बूट घालावेत. जाड एकाच कोटापेक्षा एकावर एक असे तीन पातळ थर बरे, कारण चढताना घाम येतो आणि वर पोहोचताच वारा झोंबतो.

किल्ल्याचे जगप्रसिद्ध दृश्य दिसते ते प्योलाटच्या घळीवर सुमारे ९० मीटर उंचीवर असलेल्या मारी पुलावरून. राजे मॅक्सिमिलियन यांनी राणी मारीच्या नावाने हा पूल आधी लाकडाचा बांधला. लुडविगने १८६६ मध्ये तो लोखंडाचा केला. हिमवृष्टी झाली की हा पूल आणि त्याची वाट बंद करतात. कुंपण ओलांडून जाण्याचा मोह टाळावा. खालच्या माळावरील सेंट कोलोमान या पांढऱ्या एकाकी चर्चजवळून दिसणारा किल्ला त्याहून कमी सुंदर नाही. शाकाहारी मंडळींना फ्युसेनच्या उपाहारगृहांत चीज व परतलेला कांदा घातलेला ‘केझश्पेट्झले’ हा शेवयांसारखा गरमागरम पदार्थ मिळतो. अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र तो टाळावा, कारण पिठात अंडे असते.

सौंदर्याची ही किंमत निसर्ग दरवर्षी वसूल करतो. कडाक्याच्या थंडीने चुनखडीचा दगड झिजतो, पायाखालच्या खडकाच्या हालचालींवर सतत लक्ष ठेवावे लागते आणि आजूबाजूचे कडे पुनःपुन्हा मजबूत करावे लागतात. भिंतींवरील चित्रे व वस्त्रे यांना गर्दीच्या श्वासातील दमटपणाही बाधतो. एका माणसाच्या वावरासाठी सजवलेल्या खोल्यांतून वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे जातात, तेव्हा जतनाचे काम कधीच पूर्ण होत नाही.

फेरी संपल्यावर बहुतेक जण घाईने बसथांब्याकडे वळतात. तसे न करता आल्पझेच्या काठी थोडे थांबावे. संधिप्रकाशात एका बाजूला वडिलांचा पिवळा किल्ला आणि दुसऱ्या बाजूला, अधिक उंचावर, मुलाचा पांढरा किल्ला एकाच वेळी नजरेत येतो. लुडविगने येथे सर्व काही आणले होते: सरोवर, पर्वत, संगीताचे सभागृह, विजेच्या घंटा. शेजारी उभे राहून ‘बघ, काय दिसतेय’ असे ज्याला म्हणावे, तो सोबती मात्र त्याला मिळाला नाही. मित्राबरोबर येथे आलेल्या प्रवाशाकडे एवढी एक गोष्ट त्या राजापेक्षा जास्त असते.